सोमवारचा रकाना

तिकीट म्हणून ते एक पुडी देतात.
पांढऱ्या कागदाची, पाच घड्यांची. आत काही नाही.
"सवयीनं बांधतो ओ," सातलिंगप्पा म्हमाणे म्हणाले.
त्यांच्या बोटांना अजून वाटतं
दारात रांग आहे.

मिलचा दवाखाना. मिल आता नाही,
भोंगा नाही, चिमणी पाडल्यापासून तिथलं आकाश
उगाच रुंद दिसतं.
ह्या दोन खोल्यांची किल्ली मात्र
मागायला कुणी आलंच नाही.
म्हणून हे संग्रहालय.
भिंतीवर निळ्या रंगात: बाटली घरून आणावी.

काचेची सिरिंज. तिला उकळायचं पातेलं, तळाशी क्षाराचा थर.
जळवांची बरणी, तिच्यात नातवाच्या गोट्या.
रिकाम्या बाटल्यांवर कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या,
एकेक डोस म्हणजे एकेक पायरी,
बरं होत होत तळाला जायचं.
"ह्यात लाल मिक्श्चर. खोकल्याचं.
तापाचंही तेच. पोटाचं पण, खरं सांगू का?"
ते हसले. मीही हसले.
बाहेर डांबर मऊ पडलं होतं.

मग रजिस्टर.
"डॉक्टर पुण्याचे. त्यांना इथलं बोलणं कळेना.
कुणी सांगणार दग्गु, कुणी केम्मु, कुणी खांसी.
मी सगळ्याचा खोकला करायचो,
डॉक्टर त्याचं इंग्रजी करायचे.
कागदावर पोचेस्तोवर
निम्माच उरायचा."

मंगळवारी चार नावं. बुधवारी दोन.
गुरुवारी नुसता शाईचा डाग.
आणि सोमवार
रकान्यात न मावून समासात वाकलेला,
तिथूनही खाली, पानाच्या शिवणीत शिरलेला.
रविवार घरी काढून माणसं
कापूस पिंजायच्या खात्यात परत गेली
की दुपारपर्यंत उरात गच्च.
दर सोमवारी. वर्षानुवर्षं.
समोर शेरा: नाटक.
त्याखाली: नाटक.
एका ठिकाणी: ताडी.

मी तातय्याला शोधायला आले होते.
एका पानावर नरसय्या सात.
आडनाव नाही, बिल्ल्याचा नंबर तेवढा,
आणि बिल्ला तर आत्याच्या लग्नात
फुटक्या हंड्याबरोबर मोडीत गेला.
मला तो आठवतो रात्रीचा,
भिंतीला टेकून, बसूनच झोपलेला.
अव्वा म्हणायची, ह्याला रविवार मानवत नाही.
आम्ही सगळेच तसं म्हणायचो.
तो म्हणायचा, आत कुणीतरी पिंजतंय.
ते आम्हाला त्याचं बोलणं वाटायचं,
माणसं बोलतात तसं.

"नाटक, हे अक्षर कुणाचं?"
म्हमाण्यांनी चष्मा काढला. पुसला.
पुसलेला परत पुसला.
"सांगायचे डॉक्टर.
लिहायचो मी."

कोपऱ्यात पितळेचं पिंप, त्यातल्या पाण्यात
दुसरं पिंप पालथं, आणि एक रबरी नळी.
"श्वास मोजायचं यंत्र हाय हे.
मिल बंद पडली त्या वर्षी आलं.
खोकं मीच फोडलं. मोजायला
मीच एकटा होतो.
फुंका की."

मी फुंकलं.
पाणी गुरगुरलं, पालथं पिंप
म्हैस उठावी तसं हलत वर आलं,
थोडा वेळ थांबलं,
माझ्याआधी दमलं.

त्यांनी आकडा वाचला, टाक बुडवला.
"नाव?"
नरसय्या, मी म्हणाले. का, ते माहीत नाही.
"बिल्ला?"
मी गप्प.
त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली.
वार गुरुवार होता.
त्यांनी सोमवारात लिहिलं,
शेऱ्यापाशी आले, टाक थांबला,
एक थेंब पडला, त्यावर
टिपकागद ठेवून दाबत राहिले.

मग पंखा बंद केला. चहाचं विचारलं.
मी पुडी पर्समध्ये पंपाशेजारी ठेवली,
माझा पंप, धुळीत निघताना लागतो तो.
त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.
फाटकापर्यंत आले मात्र.
"पुढच्या खेपेला," म्हणाले,
"बाटली आणा."