हलक्या कानाचा

टालिवाल्दिस दार लावतो
आणि श्वासही आत ओढून घेतो.
सहा मायक्रॉनचा पडदा टेबलावर,
थरथरला तरच दिसतो.
त्यावर सोन्याचा मुलामा, इतका विरळ
की दिव्यासमोर धरला तर उजेड
हिरवा होऊन पलीकडे जातो.

या खोलीत पूर्वी दूध थंड करायचे.
त्सेसिसच्या गाई गेल्या, फरशी राहिली.
इथे धूळ कमी, म्हणून आम्ही.

पितळी चकतीला एकशे वीस भोकं.
मार्च ते मे, एकेक त्यानेच पाडलं.
माझं काम नुसतं मोजायचं.
एकदा मी एकशे एकोणीस म्हणाले
तर दोन दिवस बोलणं टाकलं त्याने.
तिसऱ्या दिवशी, काही न बोलता, विसावं पाडलं.

ताण जुळवताना तो पडद्यावर फुंकर घालतो
आणि विचारतो, काय ऐकू येतंय?
पूर्वी विचारत नसे.

आज सगळं जोडून झालं.
व्हॉल्व्ह तापायला वीस मिनिटं, मग साठ व्होल्ट.
कानात प्राण आणणं म्हणतात ते हेच असावं.

हेडफोन माझ्या डोक्यावर.
छपरावरून बर्फ घसरला.
पलीकडे किटली निवतेय, टिक्, बराच वेळाने टिक्.
त्याच्या स्वेटरची बाही टेबलाला घासली:
लोकर आहे, उसवलेली आहे, एवढंही कळलं.
आणि या सगळ्याच्या वर
कुणी वाळू चाळत बसल्यासारखी
एक बारीक सळसळ. थांबतच नाही.

हेडफोन त्याला दिले. त्याने डोळे मिटले.
"स्वच्छ," म्हणाला. "अगदी स्वच्छ."

शनिवारी वेल्टा येणार, तिचं कोकले घेऊन,
त्या तारा तिच्या आजोबांनी ताणलेल्या.
पैसे तिने आधीच दिलेत,
त्यातून छताची गळती बुजवली.

वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.
पण हलक्या कानाच्यापाशी काही बोलू नये म्हणतात,
आणि हा तर आमच्या दोघांच्या मधोमध
स्टँडवर उभा.
गिळलं मी.

"काय गिळलंस?" त्याने विचारलं.
डोळे मिटलेलेच. हेडफोन कानांवर.

"दहा हजारांच्या वर," मी म्हणाले, "सळसळ आहे."

किटली पुन्हा एकदा वाजली.
"केव्हापासून?"

मायक्रोफोनबद्दल विचारत होता
की दुसऱ्या कशाबद्दल, मला कळेना.
मी सोल्डरिंगची इस्त्री तापायला ठेवली.