कंसातले शब्द

एकतीस वर्षं मी विधानसभेत लघुलेखक होतो.
दहा मिनिटांची पाळी, मग दुसरा येऊन बसे,
मी वहीतल्या रेघोट्यांची माणसं करायला जाई.

सगळ्यात जास्त लिहिलं ते कंसात:
(अडथळा). (गोंधळ). (अनेक सदस्य एकाच वेळी बोलतात).
एकदा रात्री पावणेदोनला, डिझेलच्या परताव्यावर बोलता बोलता
एका आमदाराचा घसा बसला,
आणि पाण्याचा पेला आला तो समोरच्या बाकांवरून.
ते कुठल्या कंसात घालावं सुचेना. वगळलं.

आता हर्णैला असतो.
परवा पुतण्या आला, हेरंब.
"पक्षाची बैठक आहे, काका, बर्फ कारखान्याच्या माडीवर.
इतिवृत्त तुम्ही लिहा."

खुर्च्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.
माझी मान सवयीने समोरचे बाक शोधत राहिली.
समोर भिंत. भिंतीवर झेंडा, त्याला पंख्याचा वारा.

एकच माणूस बोलला, सत्तावन्न मिनिटं.
इथले कोण, आलेले कोण,
लिलावात कुणाच्या मासळीवर बोली लावायची नाही.
नाव घेतलं नाही.
बशीर होडेकरच्या होडीचा रंग तेवढा सांगितला.

पेन्सिल कुठे अडली नाही.
वाक्य, टाळ्या, वाक्य.
कंस उघडायला फट नाही.
शेवटी नोंदीपुरतं विचारलं, "विरुद्ध किती?"
हेरंब हसला. "काका, हे काय सभागृह आहे?"

नाही रे बाबा.
सभागृह म्हणजे काही देवघर नव्हतं.
झोपलेल्यांचे होकार मी तिथे मोजलेत.
असली भाषणंही तिथे झाली, माझ्याच हाताने उतरली,
पण करणाऱ्याला मान वर केली की समोर कुणीतरी दिसे
आणि तो कुणीतरी गप्प बसत नसे,
हरला तरी उद्या त्याच बाकावर हजर,
त्याचंही मला लिहावं लागे.

संध्याकाळी बंदरावर उतरलो.
चंद्रभागा पावसे ओरडत होती, बोला, बोला,
बशीरच्या दोन टोपल्या बांगडा वाळूत,
भोवती रोजचीच माणसं, खिशात हात.
एरवी इथे कान किटतात.

एकतीस वर्षांत त्या सभागृहात माझा एक शब्द नाही.
"बाराशे," मी म्हणालो.
आवाज फाटका निघाला. हेरंबने वळून पाहिलं.
कुणीतरी मागून, हळूच: "साडेबाराशे."

तेरावर मला सुटल्या.
घरात मी एकटा,
एवढ्या बांगड्याचं काय करायचं अजून ठरलेलं नाही.