तुकडा क्रमांक तेवीस

मिरजेत स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्यानं
जाड कागदावर छापून दिलं नॅरोगेजचं इंजिन.
चार पानं, एकसष्ट तुकडे,
तिसऱ्या पानावर शाई फिकी, म्हणून दोन रुपये कमी.

कापायला अकरा नंबरचं ब्लेड.
ऑपरेशन थिएटरात रोज मी ते
दुसऱ्याच्या हातात देते.
इथं माझ्याच हातात, आणि समोरच्याला
भूल दिलेली नाही:
अण्णा खुर्चीत, चष्मा कपाळावर.
तुटक रेघ घडीची, सलग रेघ कापायची,
तीनदा सांगून झालंय.

बॉयलर वळवताना
पेन्सिलीभोवती कागद हळूहळू मऊ पडतो.
फेविकॉल काडीच्या टोकावर,
साठ मोजेपर्यंत दाबून धरायचं.
आकडे अण्णाच म्हणतात,
मध्येच थांबतात,
सिग्नल पडला नसल्यासारखे.

"फायरमन कुठं उभा राहायचा गं?"

केबिनची खिडकी नुसती काळी छापलेली.
मी ब्लेड बदललं, काळा चौकोन कापून काढला.
आत कागदाची उलटी बाजू, कोरी.
अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले.

मग उठले. स्वयंपाकघरातून
चिमूटभर चहाची पूड आणली,
कोळशाच्या जागी टाकली,
आणि बोटं लेंग्याला पुसली
काळी नसतानाही.

तुकडा क्रमांक तेवीस उरलाय.
कुठं बसतो, कळत नाही.
राहू दे, म्हणतात अण्णा,
शेडमध्येही एखादा नट
फडक्यात उरायचाच.
तरी ढालगाव गाठायचो.