तिसऱ्या घरातली तूट

मुनानाच्या टेकडीवरून बाबा बोट दाखवायचे:
तिथं, त्या लाल मातीखाली, एक चूल होती.
कुणी मांडली नव्हती.

दोनशे कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट.
झाड नव्हतं, मासा नव्हता,
हाक मारायला तोंड असलेलं काहीच नव्हतं.
पाऊस वालुकाश्मात मुरायचा
आणि युरेनियमच्या शिरेपाशी येऊन रेंगाळायचा.

पाण्यातून जाताना न्यूट्रॉन दमतो.
दमलेला न्यूट्रॉन परक्या अणूच्या दारात टेकतो,
आणि तेवढ्यानंच
गच्च भरलेलं केंद्रक थरथरतं, लांबतं,
कमरेत बारीक होतं,
तुटतं.
दोन तुकडे, दोन-तीन नवे न्यूट्रॉन,
आणि वजनात किंचित घट.
ती घट म्हणजेच आच.

खडक तापला की पाणी उकळून निघून जाई.
पाणी गेलं की न्यूट्रॉन उधळत,
दारं दिसत, पण थांबवत नसे कुणाला.
मग गारवा. मग पुन्हा पाझर.
अर्धा तास पेट, अडीच तास गप्प,
लाखो वर्षं,
एकदाही ऊतू न जाता.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं.
आपोलिनेर लेकोगो, ड्रिलवाला, दुसरी पाळी.
बहात्तर साली समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत
आमचा दगड मोजला गेला:
हवं शून्य पूर्णांक सातशे वीस,
भरलं सातशे सतरा.
दशांशचिन्हापुढं तिसऱ्या घरात तूट.
कँटीनमध्ये न्झिगू कुजबुजला,
कुंपणानंच शेत खाल्लं असणार.
पुढं कळलं, कुंपण नव्हतंच तेव्हा.
शेतानंच शेत खाल्लं होतं.

आणि राख? ती तिथंच.
वीतभर सरकली असेल फार तर.
बाबांना याचंच नवल वाटायचं:
एवढं जळला, आणि आपली राख
आपल्याच पदरात बांधून बसला तो खडक.

आम्हाला नाही जमलं.
गिरणीतून उरलेली वाळू फुकट मिळायची,
तिच्यात सिमेंट कालवून वसाहत उभी राहिली.
रांगेत आमचं घर तिसरं.

खाण बंद झाल्यावर एक मुलगा आला, हातात मोजयंत्र.
अंगणात ते अधूनमधून टकटकलं.
आईच्या स्वयंपाकाच्या भिंतीशी
श्वास न घेता बोलत सुटलं.
मुलानं वहीत आकडा लिहिला
आणि वही जरा तिरकी धरली.

बाबांचा खोकला थांबेपर्यंत
तो थांबला.
मग बाबांनी एवढंच विचारलं,
दशांशचिन्ह कुठं आहे?