जाळं

खोबरेल तेलात लसूण कढवून घाल,
दापोलीहून आलेला सल्ला मी कानाआड केला.

मत्राहच्या दवाखान्यात रात्रपाळी.
भिंगाखाली सात नंबरची कुपी:
कुणाच्या तरी पोराच्या पडद्यामागून
ओढून काढलेला थेंब, डिंकासारखा.
रंग चढला की कळतं:
जंतू शिरले तेव्हा पांढऱ्या पेशींनी
आपल्याच पोटातला वारशाचा धागा उसवला,
जाळं फेकलं,
मेल्या.
जाळं तसंच राहिलं.
उरलेल्या जंतूंनी
त्याच्याच गाठींना धरून बिऱ्हाड थाटलं.
आता औषधही बाहेरच थांबतं, उंबऱ्यावर.

पहाटे बंदरावरून चालत निघालो.
मुबारक बलुची फाटकी दोरी बोटाला गुंडाळत होता.
म्हणाला, तुटलं तरी पाण्यात सोडायचं नाही.
मालक नसलेलं जाळं
मासे मारतच राहतं.

घरी इनायत पाठमोरी, टीव्हीच्या पार जवळ.
आवाज जिन्यापर्यंत येत होता.
चार वर्षांची. हिवाळ्यापासून तिसरं दुखणं,
यावेळी ताप नाही, ठणका नाही,
म्हणून आम्हीही गाफील.
दारातून हाक मारली.
परत मारली.
मग पाय आपटला,
तेव्हा कुठे फरशीतून पोचलो तिच्यापर्यंत.

वळली, हसली.
अब्बा, तुम्ही हल्ली
कुजबुजता का हो?