दस्ता

बखीत बिन आमेर दुकानात आला
तेव्हा मी एका खाटेचा पाय तासत होतो.
इथल्या पावसाचं नाव खरीफ,
यंदा घटस्थापनेनंतरही मिरबातमध्ये रेंगाळलेला.
बाहेर धुकं, डोंगर कुठे सुरू होतो कळू नये इतकं,
आणि त्याच्या खांद्याला मोडक्या दस्त्याची बंदूक,
आपल्याकडे म्हातारे छत्री अडकवून येतात तशी.

"नज्जार," म्हणाला, "हिचं लाकूड गेलं. वर उंट बसला."
उंट बसला हे त्याने हसून सांगितलं नाही.
सोबत बोरीचा ओंडका, दोन वर्षं सावलीत वाळवलेला.
बोर ओळखली मी. परमुलखात
माणसांआधी झाडं ओळख देतात.

मी विचारलं, परवाना?
तो बघत राहिला,
जणू मी त्याच्या दाढीचा परवाना मागितला होता.
सरकारनेच दिलीय, म्हणाला. दर महिन्याला पैसे देतं
हिला खांद्यावर ठेवायचे.

मला आबा आठवले.
आमची ठासणीची बंदूक, वानरांना भिववायला,
शेतीसंरक्षणाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि दर निवडणुकीला कुडाळच्या ठाण्यात
आबा ती जमा करायला न्यायचे, गोणपाटात गुंडाळून,
एसटीत मांडीवर घेऊन, तापाचं पोर न्यावं तशी.
पावती घ्यायचे. मत द्यायचे.
दीड महिना वानरं नारळ पाडायची.
ती बंदूक आणखी कुणावर रोखता येते
असं आबांना कधी वाटलं नाही. किंवा वाटलं असेल.
विचारायचं राहिलं.

स्क्रू काढून जुना दस्ता वेगळा केला.
वर सरकारी आकडा, ठोकून उठवलेला, पांढरा रंग भरलेला.
सवयीने पॉलिश पेपर फिरवला
तर आकड्याखालून एक चांदणी वर आली,
सुरीने कोरलेली, पाच टोकांची, एक टोक वाकडं,
खाचांत लाल अजून.

हात थांबला.
बखीतने चहा खाली ठेवला.
"आधी तिकडे होतो," हनुवटीने त्याने डोंगर दाखवला,
जो दिसत नव्हता.
"सुलतानाशी लढलो पाच वर्षं. मग खाली उतरलो.
बंदूक टेबलावर ठेवली. त्यांनी पैसे मोजले,
नाव लिहिलं, आणि तीच बंदूक
आकडा ठोकून परत हातात दिली.
म्हणाले, आता वर जा."
वर कोण होतं मग?
"भाऊ," बखीत म्हणाला. "सुहैल."
मग म्हणाला, चहात साखर जास्त झालीय.

मीही पुढे खणलं नाही.
असे आणखी सात-आठ म्हातारे आहेत गावात,
मशिदीच्या ओट्यावर ओळीने बसतात,
कोण आधी उतरला, कोण शेवटी,
यावर बोलायची पद्धत नाही.

चार दिवस लागले. बोर चिवट,
रंध्याला दाद देत नाही, करवतीचे दात खाते.
त्याने माप दिलं नाही, खांदा दिला:
उभा राहिला, मी लाकूड टेकवलं, म्हणाला, अजून काढ.
अजून. बस्स.
हाडाजवळ एक खळगा होता
जो दोन्हीकडून लढताना एकच राहिला होता.

मधे खंडेनवमी आली.
रंधा, पटाशी, करवत, गुण्या पुसून फळीवर मांडले,
उदबत्ती संपलेली, इथलाच लोबान जाळला.
बंदूक तिथेच होती. तिला वगळायची कशी,
आणि पुजायची तरी कशी?
कुंकवाचं बोट लाकडाला लावलं. लोखंडाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला.
ते बोटभर लाल त्याने पाहिलं, अंगठा जवळ नेला,
पुसलं नाही.
जुना टाकू का चुलीत? मी विचारलं.
त्याने तो मोडका दस्ता काखेत मारला
आणि बंदूक माझ्या फळीवर विसरून
पार दाराबाहेर गेला होता
मी हाक मारेपर्यंत.