पान तेवीस, खालची टीप

सयाजीगंजात, फॅकल्टीच्या समोर, आमचं झेरॉक्सचं दुकान.
आमचं म्हणजे दिनेशभाईंचं.
मी मशीन नंबर दोनवर.

जूनमध्ये मुलं येतात घामेजलेली,
हातात मार्कशीट, मागे फाइल धरून बाप.
'काका, दोन-दोन कॉपी.'
बत्तिसाव्या वर्षीच काका झालो, त्याचं काही नाही.
कागद काचेवर पालथा घालता घालता
सहज विचारल्यासारखं विचारतो,
'पुढे काय, एमबीए?'
'हो.'
'मग दुसऱ्या सेमिस्टरला हे मानसशास्त्र कशाला?'
'सोपं आहे म्हणे. मार्क पडतात.'

पडतात.
मला पडले होते, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार.
बाबांनी शिफ्ट सुटताना
मकरपुऱ्याच्या गेटवर उभं राहून पेढे वाटले,
ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनासुद्धा.
सहाही सेमिस्टर मी आईच्या डब्यासारख्या भरल्या होत्या,
सांडणारं काही नको, जड काही नको.
गणित टाळलं, सांख्यिकी टाळली.
सकाळी सातचं लेक्चर तेवढं टाळता आलं नाही.

मग प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी
पेन्सिलीचं टोक पान तेवीसवर टेकवलं,
अगदी तळाशी, फुलीपुढे, मुंगीएवढ्या अक्षरात:
गणित अथवा सांख्यिकी, किमान दोन सेमिस्टर.
बाई वाईट नव्हत्या.
'वाचायचं ना, भाई,' एवढंच म्हणाल्या
आणि माझ्या मागच्याचा फॉर्म घेतला.

ती टीप मी दरवर्षी मोठी करतो.
एकशे एक्केचाळीस टक्के,
त्या प्रतीची पुन्हा एकशे एक्केचाळीस,
अक्षरांच्या कडा फुटेपर्यंत,
आणि दुकानाच्या काचेवर चिकटवतो.
दिनेशभाई चष्म्यावरून बघतात:
'धंधो करवो छे के निशाळ चलाववी छे?'
पण काढायला लावत नाहीत.
टीप वाचायला थांबलेला माणूस
निदान एक स्पायरल बाइंडिंग तरी करतोच.

काल शलाका शिर्के आली, प्रतापनगरची.
आलेखाच्या कागदावर सहा चौकोन आखलेले,
पट्टीनं, तीन रंगांत.
हिशेबशास्त्र आधीच, सांख्यिकी दुसऱ्या-तिसऱ्याला लागोपाठ,
'म्हणजे विसरायला वेळच नको,' म्हणाली.
अर्थशास्त्र, कायदा, सगळं जागच्या जागी.
पाचव्या चौकोनात मात्र
हिरव्या शाईत: गुजराती कविता.
'हे कशाला? याचा प्रवेशाला उपयोग नाही.'
'माहिताय. मला आवडतं.'

मी प्रॉस्पेक्टस उघडला.
आवडण्याविरुद्ध एखादं कलम सापडतंय का बघितलं,
टिपांसकट.
नव्हतं.
तिच्याकडून पैसे घ्यायचे राहिले.

पण त्या शोधात पान एकतीस लागलं.
गणिताचा पूरक अभ्यासक्रम, सायंकाळी, दोन सेमिस्टर,
आधीची पदवी चालेल.
वयाची अट नाही.
हेही तळाशीच होतं, हीही मुंगीच.
दहा जून गेले, म्हणजे किती हजार वेळा
हे पान माझ्याच हातून छापून गेलं असेल.

रात्री शटर अर्धं ओढलं.
समोर सेव-उसळवाला तवे घासत होता.
बाबांनी हौसेनं लॅमिनेट करून दिलेली मार्कशीट
काचेवर ठेवली.
प्लास्टिकवर उजेड परततो, हे मी शंभर जणांना सांगितलंय;
माझ्याही नावावरून पांढरा पट्टा गेला.
गडदपणा एका घरानं वाढवला.
दीड रुपया गल्ल्यात टाकला.

मशीन विचारतं, प्रती किती?
मी एक दाबलं.
मग ते पुसून
दोन.